चारशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरला कुठलं काडतूस? मार्च ते मे २०२५, टेक्ससमधल्या नोंदी

१ मार्च, शनिवार. टेबलावरच

हत्यार: स्मिथ अँड वेसन ६४२ एअरवेट. फ्रेम अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, सिलिंडर आणि नळी स्टेनलेसची. सिलिंडरमध्ये काडतुसांची घरं पाच, नळी १.८७५ इंच. घोडा फ्रेमच्या आत दडलेला, त्यामुळे दर वेळी चाप पूर्ण लांब ओढावा लागतो. नळीवरच्या खुणेनुसार .३८ स्पेशल +पी चालतं (.३८ स्पेशल हा काडतुसाचा प्रकार, +पी म्हणजे त्याचंच जास्त दाबाचं रूप). स्वयंपाकघरातल्या काट्यावर रिकामं वजन ४१५ ग्रॅम भरलं. १५८ ग्रेनच्या गोळीची पाच काडतुसं घातल्यावर ४९० च्या जवळ.

शब्दांचा घोळ आधीच मिटवून टाकू. खाली 'काडतूस' म्हणजे पितळी केस, प्राइमर, दारू आणि गोळी मिळून झालेली अख्खी वस्तू. 'गोळी' म्हणजे फक्त पुढे सुटणारा तुकडा. ग्रेन हे गोळीचं वजन, १ ग्रॅम म्हणजे १५.४ ग्रेन.

आज फक्त तपासणी. सिलिंडर उघडून पाचही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहिलं आणि बोटानेही चाचपलं. काडतुसांची खोकी दुसऱ्या खोलीत. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने ०.१५ मि.मी., ठीक आहे. बाजूच्या पत्र्याचे स्क्रू नीट बसणाऱ्या स्क्रूड्रायव्हरने तपासले, तर एक पाव फेरा ढिला. हलक्या फ्रेममध्ये हे होतंच, म्हणून रेंजवरून आल्यावर दर वेळी बघायचं.

अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदुकीइतकीच काडतुसं बाळगायलाही बंदी आहे. वैध शिकारीचा परवाना असे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. "मित्राच्या बंदुकीसाठी दोन खोकी घेऊन ठेवतो" हा प्रकार व्हिसावर असताना करू नये.

२ मार्च, रविवार. धक्क्याचा हिशेब

विकत घेण्याआधी कागदावर. गोळीचं वजन गुणिले वेग, त्यात दारूचं वजन गुणिले साधारण १२०० मीटर/सेकंद (जळालेली दारू वायू होऊन तेवढ्या वेगाने बाहेर पडते असं धरतात). ही बेरीज म्हणजे मागे येणारा संवेग. त्याचा वर्ग करून हत्याराच्या वजनाच्या दुपटीने भागला की धक्क्याची ऊर्जा जूलमध्ये मिळते. हत्याराचं वजन ०.४५ किलो धरलं, कारण पहिल्या आणि पाचव्या बाराच्या वेळी ते सारखं नसतं.

१४८ ग्रेन वॅडकटर (सपाट तोंडाची गोळी): सुमारे ५ जूल. ११० ग्रेन, साध्या दाबाचं: साडेपाचच्या वर. १५८ ग्रेन शिशाची गोळी, साध्या दाबाची: सव्वासहा. १३५ ग्रेन +पी: पावणेआठ. १५८ ग्रेन +पी: सव्वानऊ.

हेच शेवटचं १५८ ग्रेन +पी चार इंची नळीच्या, साधारण ९६५ ग्रॅम वजनाच्या पोलादी सर्व्हिस रिव्हॉल्व्हरमधून झाडलं तर धक्का जेमतेम ५ जूल. म्हणजे एअरवेटमधलं सर्वात मऊ काडतूस आणि पोलादी रिव्हॉल्व्हरमधलं चांगलं तिखट काडतूस हाताला सारखंच लागतं. पुढचा सगळा उद्योग या एका आकड्याभोवती फिरणार आहे.

याहून हलकी हत्यारंही असतात. स्कँडियम मिश्रधातूची फ्रेम आणि टायटेनियमचा सिलिंडर असलेलं स्मिथ अँड वेसनचंच ३४०पीडी याहून सुमारे ८० ग्रॅमने हलकं, वर ते .३५७ मॅग्नम हे जास्त ताकदीचं काडतूस घेतं. पूर्ण भरलेल्या १२५ ग्रेन मॅग्नमचा हिशेब त्यात पंचवीस जूलच्या आसपास जातो. त्याच्या नळीवर १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नका असं कोरलेलं असतं. ती सूचना मानायचीच.

८ मार्च. रेंज, दिवस पहिला. जवळजवळ फुकट गेलेला

उसना क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) नळीच्या तोंडापासून तीन मीटरवर मांडला. पहिल्या पंधरा बारांपैकी सहांचे आकडे वेडेवाकडे, एक तर १४०० फूट/सेकंद. कारण दोन. आखूड नळीतून न जळलेल्या दारूसकट वायूचा लोट बाहेर येतो आणि तो गोळीच्या आधी सेन्सरला चाळवतो. शिवाय ऊन तिरपं होतं. क्रोनोग्राफ साडेचार मीटरवर नेला, वर पांढऱ्या प्लॅस्टिकची छत्री लावली, आकडे जागेवर आले. तोवर तास गेला होता.

प्रत्येकी पाच बारांची सरासरी, फूट/सेकंदात: १४८ वॅडकटर ६५५, १५८ शिसं ६९०, १३० ग्रेन पूर्ण तांबं-मढवलेली ७३०, १५८ +पी ८००, १३५ +पी ८५०, ११० साधी ९००.

खोक्यावरचा वेग बहुधा चार इंची किंवा त्याहून लांब चाचणी-नळीचा असतो. पावणेदोन-दोन इंचात त्यातले पन्नास ते शंभर फूट सहज गळतात. स्पीअर कंपनीचं गोल्ड डॉट १३५ ग्रेन +पी मात्र 'शॉर्ट बॅरल' म्हणूनच विकतात. त्याचा छापील वेग ८६० हा १.९ इंची नळीचाच आहे, आणि आपला ८५० त्याला धरून आला.

१५ मार्च. दिवस दुसरा. मुठीची चूक

आज नेम आणि पकड बघायची होती. सहा मीटरवर पाच-पाचचे गट (गट म्हणजे लक्ष्यावर पाच छिद्रं किती पसरली ते). १३५ +पी च्या तिसऱ्या बारापासून चापाच्या मागचा वाकडा भाग मधल्या बोटाच्या सांध्यावर आपटू लागला. गट १२ सें.मी. वर गेला. १५८ +पी मध्ये तर प्रत्येक बारानंतर पकड नव्याने घ्यावी लागली.

दोष काडतुसावर टाकून दोन्ही बाद करायच्या बेतात होतो. खरा दोष मुठीचा. कंपनीची रबरी मूठ आखूड, करंगळी हवेत राहते, आणि वर फ्रेमची पाठ उघडी असल्याने धक्का थेट अंगठ्याच्या बेचक्यात येतो. पाठ झाकणारी, तीन बोटं मावणारी रबरी मूठ मागवली, ३१ डॉलर. खिशातून काढताना ती कापडाला थोडी अडते, पण कमरेच्या होल्स्टरमधून नाही.

म्हणजे आजचे सगळे गट रद्द. आधी मूठ ठरवा, मग काडतूस. उलट क्रमाने केलं तर मुठीची परीक्षा घेताय आणि गुण काडतुसाला देताय, असं होतं.

२२ मार्च. दिवस तिसरा. पाचवं काडतूस

या कामातली खरी चाचणी हीच. सर्वात कमी लोक हीच करतात.

हलकं हत्यार बार होताच झटक्याने मागे येतं. बाकीच्या घरांतल्या केसा कडेला धरलेल्या असतात, म्हणून त्याही मागे येतात. केसेतली गोळी मात्र जडत्वाने जागेवरच राहू पाहते. केसेचं तोंड गोळीवर घट्ट वळवलेलं नसेल तर दर बाराला गोळी केसेतून किंचित बाहेर सरकते. पुरेशी सरकली की तिचं टोक सिलिंडरच्या पुढे येतं, फ्रेमला अडतं, आणि सिलिंडर फिरतच नाही. पिस्तूल अडकलं तर स्लाइड ओढता येते. इथे ओढायला काही नाही. गोळी जड आणि हत्यार हलकं, तितका हा त्रास जास्त.

पद्धत: पाच काडतुसांच्या बुडावर मार्करने १ ते ५ आकडे. क्रमांक पाचची लांबी व्हर्नियरने तीनदा मोजून लिहायची. चार बार करायचे. पाचवं काढून पुन्हा मोजायचं. .३८ स्पेशलची कमाल लांबी ३९.३७ मि.मी. आहे, पण आकडा महत्त्वाचा नाही, फरक महत्त्वाचा.

१३५ +पी: ०.०३ मि.मी., म्हणजे व्हर्नियर धरण्यातलीच चूक. १५८ +पी: ०.१५. ११०: शून्य. १३० मढवलेली: ०.०५. वॅडकटरची गोळी केसेच्या तोंडाशी सपाट बसवलेली असते, ती हलल्याचं बोटालाही लागलं नाही.

मग स्वस्तात घेतलेली, पुन्हा भरलेली १५८ ग्रेन शिशाची काडतुसं, ५० ला २२ डॉलर. चार बारांनंतर पाचवं १.१ मि.मी. लांब. इथेच थांबायला हवं होतं. तेच काडतूस आत ठेवून पुन्हा चार भरली, "बघू किती जातं" म्हणून. तिसऱ्या बारानंतर चाप अर्ध्यात थांबला. सिलिंडर पुढेही जाईना, उघडेनाही. फटीतून पाहिलं तर शिशाचं टोक फ्रेमला चिकटलेलं.

काय केलं, आणि तुम्हीही असंच करा: तोंड लक्ष्याकडेच ठेवलं, चापावरून बोट काढलं, रेंजच्या अधिकाऱ्याला बोलावलं. जोर लावून चाप ओढायचा नाही, सिलिंडर ठोकायचा नाही. आत जिवंत काडतुसं आहेत. त्यांनी हात तोंडापुढे न येऊ देता बाजूने बारीक लाकडी काडी घालून ते टोक मागे दाबलं, सिलिंडर उघडला. वीस मिनिटं गेली. बाहेर काढलेलं काडतूस रेंजच्या निकामी काडतुसांच्या डब्यात. मागे दाबलेली गोळी पुन्हा झाडायची नाही, कारण ती केसेत खोल बसली तर आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो.

उरलेली शिशाची काडतुसं पोलादी रिव्हॉल्व्हर असलेल्या ओळखीच्या माणसाला दिली. तिथे ती निमूट चालतात. काडतूस वाईट नव्हतं, जागा चुकीची होती.

नियम असा ठरवला: पाचवं काडतूस ०.२५ मि.मी. पेक्षा जास्त वाढलं तर ते खोकं या हत्यारातून बाद. दुसरा नियम, धक्के खाल्लेलं काडतूस पुन्हा भरून ठेवायचं नाही, ते त्याच दिवशी झाडून टाकायचं.

२९ मार्च. घरी. एक मूर्खपणा

चाप जड आहे म्हणून बारा डॉलरचा मऊ स्प्रिंगांचा संच बसवला. हाताला लोणी.

५ एप्रिल. दिवस चौथा. मूर्खपणाचं फळ

नव्या मुठीवर नेमाचे गट घ्यायला सुरुवात केली. पन्नासांत दोन काडतुसं नुसती 'टक' झाली. दोन्ही वेळा तोंड लक्ष्याकडे धरून तीस सेकंद मोजले (बार उशिराने होऊ शकतो), मग सिलिंडर उघडला. प्राइमरवरचा खळगा उथळ, शेजारच्या चांगल्या केसेच्या निम्मा. दुसऱ्यांदा मारल्यावर दोन्ही उडाली, म्हणजे प्राइमरचा दोष नाही. मऊ स्प्रिंगने घोडा पुरेसा जोर देत नाही.

रात्री मूळ स्प्रिंगा परत. चाप पुन्हा जड. त्यावर औषध म्हणजे डमी काडतुसं घालून घरी रोज दहा मिनिटं कोरडा सराव. आठवडाभराने बोटाला सवय होते. स्वतःच्या बचावासाठी ठेवलेल्या हत्यारात शंभरातली चार काडतुसं मुकी राहणं परवडत नाही.

१२ एप्रिल. दिवस पाचवा. नेम, आणि केसा काढणं

मूळ स्प्रिंग, नवी मूठ. सहा मीटर, टेकू न घेता, दोन्ही हातांनी.

वॅडकटर ५ सें.मी. चा गट. ११० ग्रेन ६. १३५ +पी साडेसहा, म्हणजे १५ मार्चच्या निम्म्याजवळ. १५८ +पी ९.

यात नेमाची पुढची माशी आणि मागची खाच दोन्ही पक्क्या, फिरवायला काही नाही. त्यामुळे काडतूसच नेमाला जुळवून घ्यावं लागतं. ११० ग्रेनचा गट नेमाच्या ४ सें.मी. खाली, १५८ चा एक सें.मी. वर, १३५ चा बरोबर मध्यावर, किंचित खाली. जड गोळी हळू जाते, तोवर नळी वर उचललेली असते, म्हणून ती वर लागते. वेगवान हलकी गोळी तोंड उचलायच्या आतच निघून गेलेली असते. सहा मीटरवरचे ४ सें.मी. पंधरा मीटरवर दहा होतात. ११० ग्रेन धक्क्याला सोयीचं, पण इथे मागे पडलं.

केसा बाहेर काढण्याचा दांडा आखूड नळीखाली मावावा म्हणून आखूडच असतो. केस २९.३ मि.मी. ची, आणि दांडा ती पूर्ण ढकलतच नाही. वॅडकटरच्या केसा नुसत्या गळून पडतात. +पी च्या केसा जास्त दाबाने (साध्याला १७,००० पीएसआय, +पी ला २०,००० ही मर्यादा) घराच्या भिंतीला चिकटून फुगतात. तोंड सरळ आकाशाकडे, तळव्याने दांड्यावर एकच सणसणीत फटका. हळूहळू दाबलं तर एखादी केस काढणाऱ्या चांदणीच्या खाली शिरते आणि नखाने उकरत बसावं लागतं. १५८ +पी मध्ये वीसपैकी तीन वेळा केस अर्धी अडकली, १३५ मध्ये एकदा. नंतर कळलं, आधी झाडलेल्या शिशाच्या काजळीने घरं खडबडीत झाली होती. पितळी ब्रशने साफ केल्यावर १३५ ला एकदाही नाही. टायटेनियमच्या सिलिंडरवाल्यांनी मात्र घासायचा कागद किंवा घासणारी पेस्ट अजिबात लावू नये, वरचा थर जातो.

२६ एप्रिल. दिवस सहावा. पुन्हा भरणं, आणि उरलेले दोन उमेदवार

वॅडकटरबद्दल मन वळत चाललं होतं. धक्का सर्वात कमी, गट सर्वात लहान. पोकळ टोकाची गोळी लागल्यावर उमलून रुंद व्हावी अशी असते, पण आखूड नळीत ती कापडाने बुजून उमललीच नाही तर ती साध्या गोळीसारखीच वागते. वॅडकटरला उमलायचंच नसतं, तिची सपाट धार आधीपासून पूर्ण रुंदीची आहे. गोळी किती खोल जाते हे तपासायला एफबीआयची १२ ते १८ इंचांची मर्यादा वापरतात, १० टक्के जिलेटिनमध्ये. घरी पारदर्शक कृत्रिम ठोकळ्यावर चाचणी केली नाही. तो त्या जिलेटिनसारखा वागत नाही, आणि त्यावरचे देखणे फोटो निवडीत गोंधळच घालतात.

वॅडकटरचा अडसर दुसरीकडे निघाला. सपाट तोंड घरात शिरताना कडेला अडतं. पाच काडतुसांच्या रबरी पट्टीने पाच वेळा भरून बघितलं: गोल किंवा निमुळत्या टोकाची भरायला सरासरी नऊ सेकंद, वॅडकटरला सोळा, आणि एक पायाशी. फेडरल कंपनीचं १३० ग्रेनचं मायक्रो एचएसटी (+पी, गोळी केसेच्या तोंडाशी सपाट बसवलेली) नेमाला चांगलं निघालं, पाचव्या काडतुसाच्या चाचणीतही हललं नाही. भरताना मात्र तीच अडचण, पंधरा सेकंद.

निर्णय. सिलिंडरमध्ये १३५ ग्रेन +पी, पट्टीतही तेच. आज त्याची वीस झाडली, आधीची चाळीस धरून साठ, एकही मुकं नाही. सरावाला वॅडकटर, आणि प्रत्येक सरावाच्या शेवटी १३५ ची पाच, म्हणजे हात खरा धक्का विसरत नाही. ज्यांच्या मनगटाला +पी झेपत नाही त्यांनी सिलिंडरमध्ये वॅडकटर आणि पट्टीत निमुळत्या टोकाची साध्या दाबाची ठेवावी. ११० ठेवायची तर ती नेमाच्या खाली लागते हे सरावात पक्कं करून. +पी+ (म्हणजे +पी पेक्षाही जास्त दाबाचं) असं छापलेलं काहीही या फ्रेममध्ये नको.

३ मे. हिशेब आणि ठेवण

काडतुसं, डॉलरमध्ये: वॅडकटर १०० ला ७६, १३० मढवलेली १०० ला ५४, शिशाची ५० ला २२, १५८ +पी ५० ला ४४, १३५ +पी ६० ला ९६, ११० ची ५० ला ६०, सपाट १३० ची २० ला ३४. मूठ ३१, स्प्रिंग १२, रेंजचे सहा दिवस १२०. एकूण ५४९. त्यातले शिशाचे २२, स्प्रिंगचे १२ आणि १५ मार्चचा अख्खा दिवस निव्वळ पाण्यात.

घरांना तेलाचं बोट लावू नये. तेल प्राइमरमध्ये झिरपलं की काडतूस मुकं होतं. सिलिंडरमधली पाच दर सहा महिन्यांनी झाडून नवी भरायची, पट्टीतली पाच त्यांच्या बरोबरच. काढ-घाल रोज नको.

महाराष्ट्रातून विचारणाऱ्यांसाठी: तिथे परवान्यावरचं हलकं रिव्हॉल्व्हर म्हणजे बहुधा .३२, कानपूरचं २०१४ मधलं 'निर्भीक' धरून, वजन सुमारे ५२५ ग्रॅम. काडतुसांत अशी निवडच नसते, मिळतं ते घ्यायचं. मुठीची आणि पाचव्या काडतुसाची चाचणी मात्र तिथेही जशीच्या तशी लागू.

आणि रेंजची पिशवी कायम वेगळी. ती प्रवासाला न्यायची नाही, तिच्यात चुकूनही कपडे भरायचे नाहीत. शिवणीत अडकलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, ते कसं आलं हे नंतर विचारतात. आज पिशवी उलटी करून झटकली. बाजूच्या कप्प्यातून वॅडकटरचं एक काडतूस पडलं, १२ एप्रिलचं.